तुडतुड्याची ओळख: मोहोरावरचा कीटक आणि त्याच्या नावामागचे शास्त्र

विरारच्या पश्चिमेला, अर्नाळ्याच्या वाटेवर असलेले आगाशी हे गाव सुकेळ्यांसाठी प्रसिद्ध असले, तरी तेथील वाडी कधीच केवळ केळीची नसते. केळी आणि पानवेलीच्या जोडीला नारळ, आंबा आणि फणस, मोकळ्या वाफ्यांत वांगी, भेंडी आणि फुलझाडे, तर पावसाळ्यात सखल शेतांत भात, अशी मिश्र शेती वसईच्या या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या होत आली आहे. यांपैकी आंबा, भात, भेंडी आणि वांगे या पिकांवर एका विशिष्ट कुळातील कीटक येतात, आणि शेतकरी त्या सर्वांना तुडतुडे या एकाच नावाने ओळखतो. व्यवहारात हे नाव पुरेसे वाटते. परंतु आंब्यावरचा तुडतुडा भातावर वाढत नाही, भातावरचा भेंडीकडे फिरकत नाही, आणि एकाच पिकावर शेजारी बसलेल्या दोन तुडतुड्यांपैकी एक रोग जितक्या सहज पसरवतो तितक्या सहज दुसरा पसरवीत नाही. म्हणूनच जात नेमकी ओळखणे आणि ती पुढच्या अभ्यासकाला ओळखता येईल अशा शब्दांत नोंदवणे हे काम संग्रहालयापुरते मर्यादित न राहता थेट वाडीशी जोडलेले आहे.

तुडतुडा म्हणजे नेमके कोण

तुडतुड्यांच्या कुळाला सिकॅडेलिडी असे शास्त्रीय नाव असून जगभरातून या कुळातील २०,०००हून अधिक जातींचे वर्णन आजवर झाले आहे. ढेकूण, मावा, पिठ्या ढेकूण आणि सिकाडा हे यांचे दूरचे नातलग होत, कारण या सर्वांच्या तोंडाची रचना चावण्यासाठी नसून टोचून रस शोषण्यासाठी असते. तुडतुड्याची सोंड म्हणजे सुईसारख्या बारीक शूकांचा जुडगा असतो. तो पानाच्या किंवा देठाच्या पेशींत खुपसून कीटक वनस्पतीचा रस ओढतो. बहुतेक जाती रसवाहिनीतला, म्हणजे पानात तयार झालेले अन्न इतर भागांकडे नेणाऱ्या नळ्यांतला, रस घेतात; काही जाती मुळांकडून पाणी वर आणणाऱ्या जलवाहिनीतून शोषण करतात, तर काही पानाच्या पेशीच रिकाम्या करतात.

लहान आकार, पाचरीसारखे मागे निमुळते होत गेलेले शरीर, उतरत्या छपराप्रमाणे पाठीवर मिटलेले पंख, केसासारखी बारीक व आखूड शृंगिका आणि चाहूल लागताच तिरके चालणे किंवा उसळी मारणे ही तुडतुड्याची ढोबळ लक्षणे आहेत. या लक्षणांवरून कुळाचा अंदाज येतो, पण खात्री मागच्या पायावरून पटते. मागच्या पायाची पोटरी, म्हणजे मधला लांब भाग, भिंगाखाली पाहिली असता तिच्यावर राठ केसांच्या व काट्यांच्या उभ्या रांगा दिसतात. भातावर येणारा तपकिरी तुडतुडा हा नावाने तुडतुडा असला तरी त्याच्या पोटरीच्या टोकाशी हलणारा एक मोठा काटा असतो, आणि एवढ्या एका खुणेवरून तो डेल्फॅसिडी या वेगळ्या कुळातला ठरतो. पोटरीवरील केसांचा उपयोग केवळ ओळखीपुरता नाही. तुडतुडे ब्रोकोसोम नावाचे अतिसूक्ष्म कण उत्सर्जन नलिकांत तयार करतात आणि कात टाकल्यानंतर पायांच्या या केसांनी ते सर्वांगाला फासतात. या लेपामुळे पाणी आणि स्वतःचाच चिकट स्राव अंगाला लागत नाही. हे कण इतके बारीक असतात की साध्या सूक्ष्मदर्शकाला त्यांची रचना उलगडली नाही. १९५२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे ती प्रथम समोर आली.

आंब्यावरच्या तीन जाती

कोकणच्या बागायतदाराला सर्वाधिक परिचित असलेले तुडतुडे म्हणजे आंब्याच्या मोहोरावरचे. मादी मोहोराच्या कळ्यांत, दांड्यांत आणि कोवळ्या पालवीत अंडी खुपसते, त्यांतून आठवडाभरात पिल्ले बाहेर पडतात, पिल्ले कात टाकत वाढतात आणि साधारण २ ते ३ आठवड्यांत नवी पिढी तयार होते. प्रौढ आणि पिल्ले दोघेही मोहोराचा रस शोषत असल्याने कळ्या सुकतात, फुले गळतात आणि फळधारणा घटते. शोषलेल्या रसातील जादा साखर हे कीटक गोड, चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. ती पानांवर व मोहोरावर पसरते, तिच्यावर काळी बुरशी वाढते आणि पान काजळी धरल्यासारखे काळे पडते. कोकणात यालाच खार पडणे म्हणतात. बुरशी पानाच्या आत शिरत नाही, परंतु तिच्या थरामुळे पानापर्यंत सूर्यप्रकाश नीट पोहोचत नाही आणि फळावर डाग राहिल्यास त्याचा बाजारभाव पडतो. मोहोराचा हंगाम सरल्यावर उरलेले प्रौढ खोडाच्या सालीतील भेगांत आणि दाट पानोळ्यात आसरा घेतात व पुढच्या मोहोराची वाट पाहतात.

हे नुकसान करणाऱ्या प्रमुख जाती तीन असून त्यांना १८८९ मध्ये शास्त्रीय नावे मिळाली. लुसियाँ लेथिएरी या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने कलकत्त्याच्या बंगाल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात, भारतातील आंब्याच्या झाडांवर राहणाऱ्या कीटकांविषयीच्या एका छोट्या फ्रेंच लेखात, या जातींचे वर्णन केले. इडिओसेरस क्लायपिॲलिस, इडिओसेरस निव्हिओस्पार्सस आणि इडिओसेरस ॲटकिन्सोनी ही त्यांनी दिलेली नावे होत. तिसरे नाव एडविन ॲटकिन्सन यांच्या सन्मानार्थ आहे. ॲटकिन्सन हे ब्रिटिश सनदी अधिकारी होते, हिमालयीन प्रदेशाचे गॅझेटियर हे त्यांचे मोठे काम, आणि त्याच्या जोडीने भारतातील शोषक कीटकांच्या नोंदीही त्यांनी चिकाटीने प्रसिद्ध केल्या.

हातातील साध्या भिंगाने या तिघांना वेगळे काढता येते. त्यासाठी नजर एकाच जागी ठेवावी लागते. मिटलेल्या पंखांच्या मुळाशी, दोन पंखांच्या मधोमध जो छोटा त्रिकोणी पट्टा दिसतो, त्याला स्कुटेलम म्हणतात. ती वक्षाच्या पाठीवरची ढाल असते. तिन्ही जातींतील सर्वांत मोठी जात ॲटकिन्सोनी. तिच्या या ढालीवर दोन काळे ठिपके असतात. त्याहून किंचित लहान असलेल्या निव्हिओस्पार्ससच्या ढालीवर तीन ठिपके असतात, शिवाय तिच्या फिकट तपकिरी पंखांवरून आडवा पांढरा पट्टा गेलेला दिसतो. सर्वांत लहान जात क्लायपिॲलिस. तिच्या ढालीवरही दोनच ठिपके असल्याने ती ॲटकिन्सोनीचे पिल्लू आहे असा समज होऊ शकतो, परंतु तिच्या डोक्याच्या माथ्यावरही गडद ठिपके असतात आणि तिचे पंख पूर्ण वाढलेले असतात, त्यामुळे ती प्रौढ आणि स्वतंत्र जात असल्याचे लक्षात येते. पिल्लांना पूर्ण पंख कधीच नसतात, ही खूण लक्षात ठेवली म्हणजे अशी गफलत टळते.

महाराष्ट्राशी नावाने जोडली गेलेली आंब्यावरील आणखी एक जात आहे. हेमसिंग प्रुथी यांनी १९३० मध्ये इंडियन म्युझियमच्या प्रबंधमालेत भारतीय तुडतुड्यांवरील अभ्यासाचा पहिला भाग प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी त्यांनी वर्णन केलेली ही जात नागपूरच्या नावाने नागपुरेन्सिस म्हणून ओळखली जाते. आज तिचा समावेश इडिओस्कोपस या वंशात होतो.

नाव बदलते, जात बदलत नाही

लेथिएरी यांनी वापरलेले वंशनाम आज या जातींना लावले जात नाही आणि त्यामुळे कृषी पुस्तिका वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. जातीचे शास्त्रीय नाव दोन पदांचे असते: पहिले पद वंशाचे, म्हणजे जवळच्या जातींच्या समूहाचे, आणि दुसरे त्या एका जातीचे. प्राण्यांच्या नावांची ही पद्धत लिनियस यांच्या १७५८ च्या ग्रंथापासून अधिकृत धरली जाते. पुढील अभ्यासात आंब्यावरचे हे तुडतुडे युरोपातल्या इडिओसेरस वंशापासून दूरचे असल्याचे दिसून आले, तेव्हा बेकर यांनी १९१५ मध्ये उभारलेल्या इडिओस्कोपस या वंशात क्लायपिॲलिस व निव्हिओस्पार्सस या जाती आल्या, आणि ॲटकिन्सोनी ही जात अनुफ्रिएव्ह यांनी १९७० मध्ये मांडलेल्या ॲम्रिटोडस वंशात गेली. वंश बदलला तरी जातीचे पद आणि ते देणाऱ्याचे श्रेय कायम राहते. फक्त त्याचे आडनाव कंसात लिहिले जाते. म्हणून शास्त्रीय लेखनात ॲम्रिटोडस ॲटकिन्सोनी या नावापुढे लेथिएरी हे आडनाव कंसात दिसले, तर ही जात मूळ वंशातून हलवली गेली आहे एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

दुसरा नियम अग्रक्रमाचा. एकाच जातीला दोन अभ्यासकांनी दोन नावे दिली असल्यास आधी प्रसिद्ध झालेले नाव सामान्यतः टिकते. वाडीतल्या भेंडी-वांग्यांवर आणि विदर्भ-मराठवाड्यात कापसावर येणारा हिरवा तुडतुडा भारतीय पुस्तकांत अनेक वर्षे एम्पोआस्का डिव्हास्टन्स या, डिस्टंट यांनी १९१८ मध्ये दिलेल्या नावाने वावरत होता. इशिदा यांनी तैवानमधील नमुन्यांवरून त्याच जातीला आधीच बायगट्युला हे नाव दिले होते, हे पुढे स्पष्ट झाले. त्यामुळे ही जात आज ॲम्रास्का बायगट्युला म्हणून ओळखली जाते. निव्हिओस्पार्ससच्या बाबतीतही असेच घडले असून अलीकडच्या बऱ्याच लेखनात ती वॉकर यांच्या १८७० मधील नावाने, इडिओस्कोपस निटिड्युलस म्हणून, भेटते. जुन्या नावाखाली नोंदवलेले सारे निष्कर्ष नव्या नावाला लागू होतात, आणि ही साखळी माहीत असलेल्यालाच शंभर वर्षांची माहिती एकत्र वाचता येते.

रंगाच्या पलीकडची ओळख

ठिपके आणि पट्टे शेतात उपयोगी पडतात, परंतु जात सिद्ध करण्यास ते अपुरे असतात. तुडतुड्याचा रंग ऋतूनुसार आणि वयानुसार बदलतो, नर-मादीत फरक असतो, आणि मेल्यावर हिरवा रंग पिवळट होतो. विल्यम डिस्टंट यांनी ब्रिटिश भारताच्या प्राणिजीवनावरील ग्रंथमालेत १९०८ आणि १९१८ मध्ये शेकडो भारतीय तुडतुड्यांची नोंद केली. तो पाया आजही मोलाचा असला तरी त्यातील वर्णने मुख्यतः बाह्य रंगरूपावर आधारलेली असल्यामुळे पुढच्या पिढीला त्यांतल्या अनेक जाती मूळ नमुने पुन्हा तपासूनच निश्चित कराव्या लागल्या.

या अडचणीतून वाट काढणारे लक्षण म्हणजे नराच्या जननेंद्रियांची रचना. प्रुथी यांनी १९२५ मध्ये शोषक कीटकांच्या नर जननेंद्रियांवर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला होता आणि तीच दृष्टी त्यांनी भारतीय तुडतुड्यांच्या वर्णनात आणली. दिसायला सारख्या असलेल्या दोन जातींतही पोटाच्या टोकाशी असलेल्या या कठीण भागांची घडण वेगळी असते: शिश्नाची वक्रता, त्यावरील काट्यांची संख्या व जागा, त्याला आधार देणाऱ्या पट्ट्या आणि बाजूच्या झडपा यांचा आकार जातीनुसार ठरलेला असतो. तपासणीसाठी नराचे पोट सुईने अलग करून ते १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तापवतात. त्यात मऊ मांस विरघळते आणि पारदर्शक कवच उरते. ते धुऊन ग्लिसरिनच्या थेंबात ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बाजूने, वरून व मागून पाहून त्याची रेखाचित्रे काढतात. भाताच्या दाण्याहून लहान असलेल्या कीटकाच्या शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरवर हे काम चालते, आणि सुई किंचित घसरली तर नमुना वाया जातो. म्हणूनच अनुभवी अभ्यासक एकाच नरावर निर्णय न देता शक्य तितके नमुने तपासतो.

नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध करताना काही गोष्टी बंधनकारक असतात. वर्णनात ती जात जवळच्या जातींपासून कशी वेगळी आहे हे शब्दांत सांगावे लागते. एका विशिष्ट नमुन्याला नामधारक नमुना म्हणून निवडून तो कोणत्या संग्रहात ठेवला हे नमूद करावे लागते, आणि पुढे वाद उद्भवल्यास निवाडा वर्णनावरून न होता त्या नमुन्यावरूनच होतो. मोजमापे, रेखाचित्रे, आश्रय वनस्पती आणि नावाची व्युत्पत्ती ही त्याची बाकीची अंगे. बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठात चंद्रशेखर विरक्तमठ यांनी अनेक दशके याच पद्धतीने भारतीय तुडतुड्यांचा अभ्यास केला आणि आंब्यावरील जातींची मांडणी नव्याने तपासली. आता मायटोकॉन्ड्रियातील सीओआय या जनुकाच्या सुमारे ६५० अक्षरांच्या तुकड्याची तुलना करूनही जाती पडताळता येतात; या साधनामुळे जननेंद्रियांवरून ओळखता न येणाऱ्या माद्या आणि पिल्ले योग्य नराशी जोडता येतात. मात्र तुलनेसाठी आधी कोणीतरी नेमकेपणाने ओळखून ठेवलेला नमुना लागतोच.

भातावरची जोडी

अचूक ओळखीचे व्यवहारातील मोल भाताच्या हिरव्या तुडतुड्यांवरून ठळकपणे दिसते. नेफोटेटिक्स वंशातील दोन जाती भारतीय भातशेतीत सर्रास आढळतात. दोघींचा रंग हिरवा, दोघींच्या नरांच्या पंखांची टोके काळी, आणि दोघींच्या पंखांच्या मध्यावर काळा ठिपका. फरक दोन ठिकाणी आहे. नायग्रोपिक्टस या जातीच्या माथ्यावर, दोन डोळ्यांच्या मध्ये, कडेला समांतर अशी काळी पट्टी असते आणि पंखांवरचा ठिपका पसरत जाऊन पंखाच्या मागच्या शिवणीला टेकतो. व्हायरेसेन्स या जातीच्या माथ्यावर अशी पट्टी नसते आणि ठिपका शिवणीपासून अलग राहतो. काठावरच्या नमुन्यांत गोंधळ होतो, आणि त्यासाठी घौरी यांनी १९७१ मध्ये या वंशाची फेरमांडणी करताना नर जननेंद्रियांची लक्षणे सांगितली.

हा फरक महत्त्वाचा ठरण्याचे कारण टुंग्रो हा भाताचा विषाणूजन्य रोग. रिवेरा आणि ऊ यांनी १९६५ मध्ये फिलिपाइन्समध्ये हा रोग तुडतुड्यांमार्फत पसरतो असे दाखवून दिले आणि पुढील प्रयोगांत व्हायरेसेन्स ही त्याची सर्वांत सक्षम वाहक असल्याचे दिसून आले. रोगट रोपावर थोडा वेळ रस शोषून हा कीटक निरोगी रोपाकडे गेला की रोग पसरू लागतो. शेतात हिरवे तुडतुडे किती आहेत एवढेच मोजून चालत नाही. त्यांत कोणती जात किती आहे, यावर धोका ठरतो. वांग्याच्या पर्णगुच्छ रोगाचीही स्थिती अशीच आहे. पाने बारीक होऊन झुबके येणारा हा रोग हिशिमोनस फायसिटिस ही तपकिरी जात पसरवते, आणि शेजारी बसून केवळ रस शोषणारा हिरवा ॲम्रास्का त्याला जबाबदार नसतो.

चिठ्ठीचे मोल

अभ्यासासाठी ठेवलेला तुडतुडा जाड कागदाच्या छोट्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर किंचित डिंकाने चिकटवतात आणि तो तुकडा टाचणीला लावतात. टाचणीवर कीटकाच्या खाली एक चिठ्ठी असते: गाव, तालुका, जिल्हा, राज्य, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि कीटक कोणत्या झाडावर मिळाला ते. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरतो. आगाशीसारख्या गावाच्या बाबतीत तर चिठ्ठी आणखी काळजीपूर्वक लिहावी व वाचावी लागते, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्याआधीच्या नमुन्यावर याच वाडीचा जिल्हा ठाणे असाच लिहिलेला असणार. केवळ जिल्ह्याचे नाव पाहून नमुने वेगळे काढणाऱ्याला एकाच ठिकाणचे कीटक दोन ठिकाणचे वाटतील.

वसई-विरारच्या परिसरात वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत असताना या चिठ्ठ्यांचे महत्त्व वाढत आहे. एखाद्या वाडीत आज कोणत्या जाती आहेत याची नोंद झाली नाही, तर उद्या त्या नाहीशा झाल्या किंवा बाहेरून नवी जात आली, तरी ते सिद्ध करण्यास पुरावा राहणार नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने आंब्याच्या मोहोर संरक्षणाचे वेळापत्रक शिफारस केले आहे आणि बागायतदार ते वापरतात. त्यातील प्रत्येक फवारणी कोणत्या जातीवर, किती प्रमाणात उपयोगी पडली याचा पडताळा गावोगावच्या नेमक्या नोंदींशिवाय घेता येत नाही. ओळख न पटवता वारंवार फवारलेले औषध परागीभवन करणाऱ्या माश्यांचा आणि तुडतुड्यांवर जगणाऱ्या कोळ्यांचाही बळी घेते, तर प्रतिकारक्षम झालेले तुडतुडे मागे उरतात.

या कामाला मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. मोहोर आल्यावर सकाळच्या गारव्यात, तुडतुडे सुस्त असताना, मोहोराचा झुपका पांढऱ्या कागदावर हलकेच झटकावा, दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने त्यांच्या ढालीवरचे ठिपके मोजावेत आणि तारखेसह वहीत लिहावेत. शंका आल्यास काही नमुने ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत घालून, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाकून, ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे, कृषी महाविद्यालयाकडे किंवा पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या पश्चिम क्षेत्रीय केंद्राकडे द्यावेत. वसई-पालघर परिसरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून एक-एक गाव वाटून घेऊन अशा नोंदी सुरू कराव्यात आणि नमुने कपाटात पडू न देता मान्यताप्राप्त संग्रहाकडे सोपवावेत. येत्या मोहोराला फवारणीचा पंप उचलण्यापूर्वी प्रत्येक बागायतदाराने तुडतुडा हातात घेऊन त्याच्या पाठीवरचे ठिपके पाहावेत.